तार कापू नये

कॉलेजात त्यांना तोंडावर सगळे मॅडम म्हणायचे आणि पाठ फिरली की शून्यबाई. हे नाव कोणी ठेवलं ते काही कळलं नाही, पण ठेवणाऱ्याने उगाच ठेवलं नव्हतं. गणिताच्या पेपरात शेवटचं उत्तर चुकलं की बाई पायऱ्यांचे गुण वगैरे देत बसायच्या नाहीत. सरळ भोपळा. पूल कोसळल्यावर आमच्या पायऱ्या बरोबर होत्या म्हणून कोणी सोडतं का, असं त्या वर्गाला विचारायच्या आणि वर्ग मुंडी खाली घालून बसायचा. चोवीस वर्षं हे असं चाललं होतं. चोवीस वर्षांत बाई फळ्यावर चुकल्याचं कोणी पाहिलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर बाईंनाही तसं काही आठवत नव्हतं.

म्हणूनच पहिल्या वर्षासाठी कॅल्क्युलसचं नवं पुस्तक निवडायची वेळ आली तेव्हा विभागप्रमुखांनी सगळी पुस्तकं उचलून बाईंच्याच टेबलावर आणून टाकली. तीन होती. एक जुनंच, हिरव्या पुठ्ठ्याचं, जे इतकी वर्षं चालू होतं आणि ज्याची नवी आवृत्ती निघाली होती. दुसरं जाडजूड, गुळगुळीत कागदाचं, पानोपानी रंगीत चित्रं, एका हाताने उचलावं तर मनगट दुखावं असं. तिसरं बारकं, साध्या कागदाचं, कोणा अनोळखी माणसाने लिहिलेलं. यातलं एक पुढची पाच वर्षं सहाशे पोरांच्या बोकांडी बसणार होतं.

"अहवाल तुम्ही लिहा मॅडम," प्रमुख म्हणाले. "आम्ही सह्या करू."

पुस्तक तपासायची बाईंची एक ठरलेली रीत होती. त्या आधी मागची पानं उघडायच्या, जिथे उत्तरं छापलेली असतात. समजावून सांगताना काय, कोणीही गोड बोलतं. पुस्तक किती पाण्यात आहे ते उत्तरांवरून कळतं, असं त्यांचं म्हणणं. स्वतःची टिपणवही बाजूला ठेवायची, एकेक उत्तर ताडून पाहायचं, चुकलं की लाल रेघ. जाडजूड पुस्तकात तीन लाल रेघा निघाल्या. हिरव्यात एकही नाही. आणि बारक्या पुस्तकात एक अशी निघाली की बाईंना एकटीलाच हसू फुटलं.

गणित साधं होतं. शंभर सेंटिमीटर तार आहे. तिचे दोन तुकडे करायचे, एकाचं वर्तुळ वळायचं, दुसऱ्याचा चौरस. दोन्ही मिळून जास्तीत जास्त जागा घेरली जावी तर तार कुठे कापावी? बाईंच्या वहीत उत्तर होतं, चव्वेचाळीस सेंटिमीटर वर्तुळाला, छप्पन्न चौरसाला. आणि या बारक्या पुस्तकाच्या मागे छापलं होतं: तार कापू नये, सगळीचं वर्तुळ करावं.

बाईंनी अहवालात लिहिलं, "हे पुस्तक विद्यार्थ्यांची थट्टा करतं. कुठे कापू विचारलं तर म्हणतं कापूच नका. अशा पुस्तकाला वर्गात जागा नाही." सोमवारी संध्याकाळी अहवाल प्रमुखांच्या हातात दिला आणि बाई घरी जाऊन निवांत झोपल्या.

मंगळवारी सकाळी अकराला बैठक होती. बाहेरच्या विद्यापीठातून एक तज्ज्ञ येणार होते. त्यांनी काही विचारलं तर आकडे हाताशी असावेत म्हणून बाई सकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी चहाचा कप घेऊन बसल्या. समोर नवरा पेपर वाचत होता. चव्वेचाळीस-छप्पन्नने किती जागा घेरली जाते ते काढून ठेवावं, म्हणजे बारक्या पुस्तकाची पुरती फजिती करता येईल, एवढाच विचार. चव्वेचाळीसचं वर्तुळ, एकशे चौपन्न. छप्पन्नचा चौरस, एकशे शहाण्णव. एकूण साडेतीनशे.

मग पुस्तकाचं उत्तर. सगळ्या तारेचं वर्तुळ. सातशे शहाण्णव.

बाईंनी चष्मा पुसला. पुन्हा केलं. सातशे शहाण्णवच. नुसता सगळ्या तारेचा चौरस केला तरी सहाशे पंचवीस येत होते. म्हणजे तारेशी काहीही केलं असतं तरी बाईंच्या उत्तरापेक्षा जास्तच जागा मिळाली असती. ज्याला त्या सगळ्यात मोठं म्हणून शिकवत होत्या ते सगळ्यात लहान होतं.

"काय गं, बरं नाही का?" नवऱ्याने पेपर खाली घेतला. "तोंड एवढंसं झालंय."

"काही नाही," बाई म्हणाल्या आणि वही पुन्हा पुढे ओढली.

चूक कुठे झाली ते त्यांना मिनिटभरात उमगलं, आणि ते उमगणंच भयंकर होतं. हिरव्या पुस्तकात हे गणित आहे, पण तिथे कमीत कमी जागा विचारलीय. अकरा वर्षांपूर्वी परीक्षेचा पेपर काढताना बाईंनी प्रश्न फिरवला होता. सगळेच फिरवतात. पोरांनी पाठ करून लिहू नये म्हणून जुन्या गणितातला एखादा शब्द बदलायचा, एखादा आकडा इकडचा तिकडे करायचा. त्यांनी कमीत कमीच्या जागी जास्तीत जास्त घातलं आणि उत्तर तसंच ठेवलं. तेच वहीत उतरलं आणि तेव्हापासून वर्गातही. डेरिव्हेटिव्ह, म्हणजे उताराचं माप, काढायचं, शून्य ठेवायचं, येईल ते उत्तर. शून्य ठेवल्यावर फक्त सपाट जागा सापडते, आणि सपाट जागा टेकडीच्या माथ्यावर असते तशी खड्ड्याच्या तळाशीही असते, हे त्या दरवर्षी पोरांना कानीकपाळी ओरडून सांगायच्या. स्वतः अकरा वर्षं खड्ड्यात उभ्या होत्या आणि माथ्यावर आहोत म्हणून सांगत होत्या.

आणि मग त्यांना खिडकीवाली आठवली.

खिडकीवाली म्हणजे पहिल्या वर्षाची एक मुलगी. कायम खिडकीशी बसायची, कधी तोंड उघडायची नाही. दीड महिन्यापूर्वीच्या परीक्षेत हेच गणित होतं, दहा गुणांना. एकशे तीस पेपरांत एकटीने लिहिलं होतं, तार कापू नये. बाईंनी लाल पेनने भोपळा काढून शेजारी लिहिलं, "प्रश्न नीट वाचा," आणि वर स्टाफरूममध्ये ते सगळ्यांना वाचून दाखवलं. सगळे हसले होते. मुलगी सहा गुणांनी नापास झाली. तिची ही दुसरी खेप, तिसरी कॉलेज देत नाही. नाव पटावरून कमी होणार. निकाल लागून पंधरा दिवस झाले होते आणि फेरतपासणीचा अर्ज द्यायची मुदत आज संध्याकाळी पाचला संपत होती. त्यानंतर पेपरांचे गठ्ठे बंद, कोणालाही उघडता येत नाहीत.

एक पूर्ण मिनिट बाईंनी असाही विचार केला की आज आजारी पडावं. मग वाटलं, आधी अहवाल तर परत घेऊ. बारक्या पुस्तकाबद्दलची ती तीन वाक्यं काढली की कोणाच्या बापाला कळणार नाही. मुलीचं नंतर बघू. नंतर म्हणजे कधी, हे त्यांनी स्वतःला विचारलं नाही.

नऊ वाजता बाई प्रमुखांच्या केबिनच्या दारात होत्या. केबिन उघडी, पंखा चालू, प्रमुख टेबलावर कागद लावत होते.

"सर, अहवालात थोडी दुरुस्ती करायची होती."

"आता कसली दुरुस्ती मॅडम, प्रती काढून झाल्या." प्रमुखांनी गठ्ठ्यावर थाप मारली. "आणि काय लिहिलंय तुम्ही. ते तार कापू नका वाचून मी घरी इतका हसलो की बायको उठून बघायला आली. बैठकीत सुरुवात तिथूनच करणार आहे."

"ते जरा कडक झालंय, सर. सौम्य करते."

"अजिबात नाही. तज्ज्ञांना कळू दे आपल्याकडे काय दर्जाची माणसं आहेत ते."

बाईंनी गठ्ठ्याकडे पाहिलं. वरची प्रत हिसकावून काही उपयोग नव्हता, आणि चोवीस वर्षं नोकरी केलेल्या बाईने तसं करायचंही नसतं. त्या मान हलवून बाहेर आल्या, नळाशी गेल्या, तोंडावर पाणी मारलं. आरशात पाहिलं तर चेहरा पांढराफटक. आपण शिकवायला लागलो त्या दिवशीसुद्धा एवढी भीती वाटली नव्हती, असं त्यांच्या मनात आलं. त्या दिवशी आपण चुकणारच हे माहीत होतं.

अकराला बैठक सुरू झाली. लांबट खोली, लांबट टेबल, एका भिंतीवर फळा. माणसं चार. प्रमुख, बाहेरचे तज्ज्ञ, बाई, आणि विभागातले सगळ्यात नवे शिक्षक, ज्यांना सगळे धाकटे सर म्हणत. धाकट्या सरांची नोकरी वर्षावर्षाच्या कराराची, आणि करार वाढवायचा की नाही हे प्रमुख आणि बाई ठरवत. तज्ज्ञ साठीचे, शांत, समोरच्याचं पूर्ण ऐकून घेणारे. शांत माणसांची बाईंना आज जास्तच धास्ती वाटत होती.

प्रमुखांनी म्हटल्याप्रमाणे सुरुवात तिथूनच केली. गणित वाचलं, बाईंचं उत्तर वाचलं, मग मुद्दाम थांबून पुस्तकाचं उत्तर वाचलं. बाईंनी टेबलाची कड घट्ट धरली. आता, त्यांना वाटलं. आता तज्ज्ञ विचारतील, मॅडम, जरा फळ्यावर या.

तज्ज्ञ हसले.

"चव्वेचाळीस आणि छप्पन्न," ते म्हणाले. "हो, हो. आम्हीही हेच केलं शाळेपासून. आणि हे महाशय म्हणतात कापूच नका. अशी पुस्तकं छापतं तरी कोण?"

बाईंना आधी कळेचना काय झालं ते. मग कळलं. ते आकडे या लोकांना पाठ होते. चव्वेचाळीस आणि छप्पन्न हे कानावर पडलं की मान आपोआप हलते, प्रश्नात कमीत कमी आहे की जास्तीत जास्त, कोण बघतो? अकरा वर्षं त्यांची स्वतःची मान अशीच हलली होती.

सुटले, असं त्यांना वाटलं. खरोखर वाटलं, अंग हलकं झालं, श्वास मोकळा झाला. मग नजर धाकट्या सरांवर गेली.

धाकटे सर हसत नव्हते. वहीच्या कोपऱ्यात त्यांनी काहीतरी लिहिलं होतं, चार-पाच ओळी. बाईंनी उलटं वाचायचा प्रयत्न केला. शेवटचा आकडा सातशे शहाण्णव होता. धाकट्या सरांनी वर पाहिलं, बाईंची नजर आपल्यावर आहे हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी वहीवर तळहात ठेवला. कान लालबुंद झाले होते. नापास झालेला मुलगा वही लपवतो तसा तो माणूस बरोबर उत्तर लपवत होता.

"धाकटे सर, तुमचं काही?" प्रमुखांनी विचारलं.

"नाही सर," ते म्हणाले. "मॅडमनी पाहिलंय म्हणजे झालंच."

बाईंना आता एक वेगळीच भीती वाटली. सकाळपासूनची भीती पकडलं जाण्याची होती, तिच्याशी कसंबसं जमवून घेता येत होतं. ही पकडलं न जाण्याची होती. या खोलीत आपल्याला कोणी पकडणार नाही. आज नाही, उद्या नाही, निवृत्त होईपर्यंत नाही. ज्यांना दिसत नाही ते मान हलवतील, ज्याला दिसतंय तो हात ठेवून झाकेल. प्रमुखांनी सहीचा कागद पुढे सरकवला. हिरवं पुस्तक कायम, बारकं बाद.

बाईंनी पेन उचललं आणि खाली ठेवलं.

"सर, ते उत्तर माझं चुकलंय," त्या म्हणाल्या. आवाज इतका बारीक निघाला की प्रमुखांनी "अं?" केलं. मग त्या उठल्या, फळ्याशी गेल्या आणि तीन आकडे लिहिले. साडेतीनशे, सहाशे पंचवीस, सातशे शहाण्णव. खडूचे दोनदा तुकडे झाले. "पुस्तक बरोबर आहे. मी अकरा वर्षं चुकीचं शिकवतेय."

तज्ज्ञांनी खिशातून पेन काढलं, अहवालाच्या पाठीवर दोन ओळी केल्या आणि चष्मा कपाळावर चढवला. "माझीही मान हललीच की," ते हळूच म्हणाले. प्रमुखांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता, पण बघायला कोणाचीच नजर वर नव्हती.

पुढचं पुस्तकाचं काम दहा मिनिटांत उरकलं. बारक्या पुस्तकाने शेवटपर्यंत तपासायला शिकवलं होतं, आणि या खोलीतल्या चौघांनाही त्याची गरज होती असं तज्ज्ञ म्हणाले. हिरवं बाद, बारकं मंजूर, अशा सगळ्यांनी सह्या केल्या. धाकट्या सरांची सही सगळ्यात ठळक पडली.

"आणखी एक आहे," बाई म्हणाल्या. "हेच गणित परीक्षेत होतं. एका मुलीने बरोबर लिहिलं होतं. मी तिला शून्य दिलं. ती सहा गुणांनी गेलीय."

"मॅडम, परीक्षेचा विषय या बैठकीत नको," प्रमुख घाईघाईने म्हणाले. "आणि मग बाकीच्यांचं काय? त्यांचे दहा-दहा काढून घेणार?"

"त्यांनी मी शिकवलं तेच लिहिलं. त्यांचे राहू द्या. पण तिचे द्या."

"माझ्या हातात असतं तर दिले असते. नियम तुम्हाला माहीत आहे. विद्यार्थ्याचा सहीचा अर्ज आल्याशिवाय गठ्ठा उघडत नाही. तुमच्या सांगण्यावरून तर नाहीच नाही." त्यांनी घड्याळ पाहिलं. "पाचपर्यंत वेळ आहे. तिने दिला तर बघू."

परीक्षा विभाग दुपारभर आधी जेवायला गेला होता आणि मग कुठल्याशा कामात अडकला होता. मुलीचा फोन नंबर मिळेपर्यंत साडेतीन वाजले. बाई जिन्याखालच्या कोपऱ्यात उभ्या राहिल्या, जिथून पोरं सहसा जात नाहीत, आणि नंबर फिरवला. दोनदा चुकीचा लागला. फोन मुलीच्या आईने उचलला.

"कॉलेजातून बोलतेय," बाईंनी सांगितलं.

"आता काय केलं तिने?" आईने लगेच विचारलं. आवाज घाबरा झाला होता.

"तिने काही केलं नाही. तिला द्या जरा."

मग पावलांचा आवाज, काहीतरी कुजबुज. मग अगदी जवळून श्वास ऐकू आला.

"हॅलो, मॅडम?"

बाईंनी मनात वाक्यं जुळवून ठेवली होती. त्यातलं एकही आठवेना. "तुझं तारेचं गणित बरोबर होतं," त्या म्हणाल्या. "मी चुकले. तू फेरतपासणीचा अर्ज दे. आज पाचच्या आत. मी इथे आहे, मी स्वतः घेऊन जाईन परीक्षा विभागाच्या खिडकीवर."

बाईंनी फोन कानाशी घट्ट धरला.

"ऐकतेयस ना?"

"हो मॅडम." मग थांबून, "मला माहीत होतं बरोबर आहे ते. मी घरी तार घेऊन करून बघितलं होतं. ज्वारी भरून मोजली होती दोन्हींत."

"मग अर्ज का नाही दिलास?" बाईंनी विचारलं, आणि सवयीने आवाज चढला तो त्यांच्या त्यांनाच ऐकू आला.

"भरून ठेवलाय. निकाल लागला त्याच दिवशी भरला होता." मुलगी भराभरा बोलायला लागली, जणू मध्येच कोणी थांबवेल. "दोनदा खिडकीपर्यंत पण आले होते. तिथल्या काकांनी सांगितलं, पेपर परत त्याच मॅडमकडे जातो. मग मी घरी आले. आईला सांगितलं मुदत संपली."

जिन्यावरून चार-पाच पोरं उतरत होती. बाईंना बघून त्यांचं बोलणं बंद झालं आणि ती भिंतीला चिकटून, पायांचा आवाज न करता पुढे निघून गेली. बाईंनी हे रोज पाहिलं होतं. याला त्या वचक म्हणायच्या.

"घेऊन ये अर्ज," त्या म्हणाल्या. "किती वेळ लागेल?"

"अर्धा तास."

"ये. मी फाटकाशी उभी राहते."

"मॅडम," मुलगी म्हणाली. "मी आले तर तुम्ही रागावणार नाही ना?"